तीन अक्षरांची गाळलेली जागा

१ ऑगस्ट, सकाळी सहा

कॅट परीक्षेच्या व्हर्बल विभागाची तयारी आजपासून विधिवत सुरू. ही वही अन्य कोणी वाचावी यासाठी नाही. तेव्हा हिच्यात खरे तेच लिहावयाचे, हा पहिला संकल्प.

गणिताची चिंता नाही. दहावीला केंद्रात पहिली, बारावीला तालुक्यात पहिली, बी.कॉम.ला महाविद्यालयात पहिली. सर्व मराठी माध्यमातून. व्हर्बलमध्ये इंग्रजी उतारे असतात, चोवीस प्रश्न, चाळीस मिनिटे. आजवर ज्या पद्धतीने पहिली आले तीच पद्धत वापरणार, म्हणजे ‘अपेक्षित’ तयार करणार. मागील वर्षांचे चाळीस उतारे उत्तरांसह तोंडपाठ करावयाचे. बोर्डात दर दोन-तीन वर्षांनी प्रश्न फिरून येतो. व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थांचे लोकही शेवटी पेपरच काढतात. ते किती वेगळे असणार?

दुसरा संकल्प: अभ्यासिकेत मान वर करून कोणाकडेही पाहावयाचे नाही.

४ ऑगस्ट

शिरूरची अभ्यासिका खत-बियाण्याच्या दुकानावर आहे. चाळीस खुर्च्या, तीन पंखे, युरियाचा वास. सर्वजण पोलीस भरतीचे किंवा तलाठ्याचे. कॅटची मी एकटीच, असे वाटत होते. आज कळले की आणखी एक जण आहे.

श्री. रविराज. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य मोहनराव यांचे चिरंजीव. नगरला वसतिगृहात राहून इंग्रजी माध्यमात शिकलेले. इंग्रजी उत्तम, गणित दयनीय. त्यांनी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन विचारले, “ए टॉपर, तू मला मॅथ्स शिकव, मी तुला व्हर्बल शिकवतो. डील?”

मी मान हलवली. हा पूर्णतः शैक्षणिक करार आहे.

(मान वर करावी लागली. ती कराराचा भाग असल्याने संकल्प मोडला असे धरता येणार नाही.)

९ ऑगस्ट

अभ्यासिकेतील सर्व मुली त्यांना ‘रविराजदादा’ म्हणतात. आमच्या भागात तशीच रीत आहे. मुलाशी बोलावयाचे तर नावापुढे दादा लावावाच लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावभर होते. मी अद्याप त्यांना कोणत्याच नावाने हाक मारलेली नाही. जवळ जाऊन उभी राहते. थोड्या वेळाने त्यांचे लक्ष जाते.

यात विशेष काही नाही. मी मुळातच मितभाषी आहे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर पहिला उतारा सोडवला. विषय: मधमाश्या नवी जागा कशी निवडतात. वेळ: एक तास पन्नास मिनिटे. कारण मी प्रत्येक वाक्याचे मराठी भाषांतर करून मगच पुढे जाते. भाषांतर मात्र इतके सुरेख उतरले की दोनदा मोठ्याने वाचले.

ते म्हणाले, “अगं, भाषांतर नको करूस. नुसतं वाच.”

नुसते वाचणे म्हणजे काय, हे मला नीटसे कळले नाही. समजल्याशिवाय पुढे जाणे हा माझ्या मते अप्रामाणिकपणा आहे. वेग सप्टेंबरात वाढवू.

२६ ऑगस्ट

आज त्यांनी अनुमानाचे प्रश्न शिकवले. नियम असा: उताऱ्यात जेवढे लिहिले आहे तेवढ्यावरूनच निष्कर्ष काढावयाचा. स्वतःच्या मनातले त्यात मिसळले की उत्तर चुकले. चार पर्यायांत जो सर्वांत कमी दावा करतो तोच बहुधा बरोबर असतो. मला हे ताबडतोब पटले.

सरावासाठी एक घटना. दिनांक २५ रोजी पंख्याखालच्या खुर्चीवर त्यांनी स्वतःची बॅग ठेवली होती. मी आल्यावर ती उचलली आणि म्हणाले, “बस.” यावरून काय अनुमान निघते?

(अ) बॅग हलवायचीच होती.
(ब) त्यांना लगेच गणित विचारायचे होते.
(क) पंखा मला मिळावा, असे त्यांना वाटत होते.
(ड) केवळ पंखाच नव्हे, तर पुढील आयुष्यातील बरेच काही.

(ड) हा उघडच अतिरेकी पर्याय आहे. (क) निवडला. पेन्सिलने (ड)वरही एक बारीक टिंब दिले, पुनर्विचारासाठी.

७ सप्टेंबर

मी मुक्ताआत्याकडे राहते. आई-आबा वाडीवर, मेंढरांबरोबर. आत्याला अभ्यासाची पद्धत कळत नाही. सकाळी म्हणाली, “कावून गं धनू, रोज आरशाम्होरं उभी ऱ्हातीस? परीक्षेत आरसा इचारत्यात व्हय?”

मी सांगितले की उच्चार सुधारण्यासाठी आरशासमोर वाचावे लागते.

“आन् टिकल्या बदलून बदलून वाचावं लागतंय?”

घरात अभ्यासाचे वातावरण नाही.

१४ सप्टेंबर

पहिली सराव परीक्षा. नेट कॅफेतील माऊस उजवीकडे नेला की डावीकडे जात होता. दोनदा लाईट गेली. शेजारी एक इसम पीकविम्याचा फॉर्म भरत होता आणि मला प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारत होता. अशा परिस्थितीत व्हर्बलमध्ये नऊ पर्सेंटाईल मिळाले, हे उल्लेखनीय आहे.

गणितात शहाण्णव. त्यांना गणितात एकेचाळीस. जुलैत बारा होते. माझे शिकवणे फळास येत आहे. त्यांनी सर्वांदेखत म्हटले, “हिच्यामुळं जमायला लागलं राव.”

‘हिच्यामुळं.’ हे मी काढलेले अनुमान नव्हे. उताऱ्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

२९ सप्टेंबर

अपेक्षित उतारे: एकोणीस पाठ. मधमाश्यांचा उतारा तर उलटाही म्हणता येतो.

आज त्यांनी विचारले, कॉल आला तर कुठले कॉलेज घेणार. मी म्हणाले, अजून ठरवलेले नाही. ते म्हणाले, “एकाच शहरात मिळालं तर बरं, नाही का? मॅथ्सला सोबत होईल.”

दुपारनंतर अभ्यास झाला नाही. डोके दुखत होते. दुखत म्हणजे, हलके वाटत होते.

८ ऑक्टोबर, रात्री नऊ

अत्यंत महत्त्वाची नोंद.

ते म्हणाले, “टॉपर, तुझं मराठी लई भारी आहे. मला एक उखाणा करून दे ना. मुलानं घ्यायचा असतो तसला. चालीत पाहिजे, थोडा क्लासी. नावाची जागा मोकळी ठेव. नाव तीन अक्षरी आहे.”

आणि हसले. खाली पाहून हसले.

तीन अक्षरी. मी पुढे काही विचारले नाही. उताऱ्यात नाही ते विचारू नये, असे त्यांनीच शिकवले आहे.

ध. न. श्री.

नोंद येथेच थांबवते.

११ ऑक्टोबर

तीन दिवसांत चौदा उखाणे रचले, तेरा फाडले. व्हर्बलचा अभ्यास शून्य. परंतु उखाणा ही सुद्धा भाषिक क्षमताच आहे. चार ओळींत आशय, लय, समाप्ती. हे तास व्हर्बलच्या खात्यात धरावेत.

अंतिम मसुदा:

पानापानांत शोधले,
ओळीओळींत पाहिले,
— — — हे एक नाव
ओठांवरती राहिले.

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. गाळलेल्या जागी तीनच अक्षरे बसतात. चार घातली तर चाल मोडते. माझे नाव घालून पाहिले. केवळ चाल तपासण्यासाठी. बसते. बारा वेळा तपासले.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलीच्या बाजूचाही एक उखाणा लिहून ठेवला आहे. तो कोणी मागितलेला नाही, सरावासाठी. शेवटी चार अक्षरी पुरुषनाम लागते म्हणून उदाहरणादाखल एक घेतले.

मेंढवाड्याच्या दाराशी
ऊन उतरले आज,
मनातले नाव घेते
मोठ्याने मी, रविराज.

१२ ऑक्टोबर

मसुदा दिला. त्यांनी वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, “बाप रे. हे तू लिहिलंस?” मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. डाव्या खिशात.

डाव्या.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आबा-आई कळप घेऊन नगरकडच्या रानात निघाले. पाऊस पडेपर्यंत परत येणार नाहीत. दरवर्षी मी वेशीपर्यंत जाते. या वर्षी पुढच्या नाल्यापर्यंत गेले.

आबा चालता चालता म्हणाले, “ती परीक्षा झाली म्हंजी तुला कुठं जावं लागंल?”

मी म्हणाले, कुठेही. अहमदाबाद, कोलकाता, नक्की नाही.

त्यांनी मागे राहिलेले एक मेंढरू कळपात हाकलले. मग म्हणाले, “जा की. आमी बी दरसाल जातोच. फकस्त एकटी जाऊ नगंस, सोबत बघून जा.”

सोबत आहे, असे सांगावेसे वाटले. सांगितले नाही. निकालानंतर एकदमच सांगू. आईने मला जवळ घेतले तेव्हा तिच्या पदराला लोकरीचा आणि धुराचा वास होता.

६ नोव्हेंबर

ते गेले नऊ दिवस अभ्यासिकेत आलेले नाहीत. संभाव्य कारणे: प्रकृती, घरचे राजकारण, घरी एकाग्रतेने अभ्यास, माझ्या अभ्यासात व्यत्यय नको, हा विचार. शेवटचे सर्वाधिक संभवनीय.

त्यांच्या खुर्चीवर तलाठ्याच्या परीक्षेवाला सटवा बसतो. तो पाय हलवतो. पंख्याची हवाही आता तितकीशी लागत नाही.

सराव परीक्षा क्रमांक सहा: व्हर्बल बारा पर्सेंटाईल. प्रगती आहे. नऊवरून बारा म्हणजे तेहतीस टक्के वाढ.

१७ नोव्हेंबर

संदेश आला! ‘टॉपर, २३ ला रविवारी सकाळी घरी ये. नक्की. आईला तुला भेटायचंय. तुझ्यासाठी सरप्राईज आहे.’

आईला. तुला. भेटायचंय.

परीक्षा तीस तारखेला. उतारे अठ्ठावीस पाठ, बारा शिल्लक. दिवसाला दोन केले तर वेळेत होतात. आजपासून नव्हे, आज शक्य नाही. उद्यापासून.

२२ नोव्हेंबर

आत्याकडे तिची अबोली रंगाची साडी मागितली. तिने हातातले काम बाजूला ठेवले.

“धनू, मोहनरावाच्या दारात मांडव घातलाय. आचारी आल्यात. तुला कायबी दिसंना का?”

मी सांगितले की ते राजकारणी घर आहे, पक्षाचा मेळावा असणार. मेळाव्याच्या गर्दीत आईंना निवांत भेटता येणार नाही, एवढीच अडचण.

“मेळाव्याला घोड्यावानी दोन गाड्या फुलांनी सजिवत्यात व्हय गं?”

मी म्हणाले, हल्ली सजवतात.

आत्या उठली, ट्रंक उघडली, साडी काढली आणि म्हणाली, “घे बाई. इस्त्री करून घे.” नंतर पुष्कळ वेळ ती चुलीपाशी विनाकारण भांडी आवरत होती.

२३ नोव्हेंबर

साखरपुडा होता. त्यांचा.

मुलीचे नाव स्वप्नाली. साखर कारखान्याच्या संचालकांची कन्या. दिसायला छान आहे. माझ्याशी छान बोलली. आपण होऊन म्हणाली, “तुम्हीच ना त्या धनश्रीताई? हे सारखं सांगतात तुमच्याबद्दल.”

उखाण्याची वेळ झाली. माईक त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून कागद काढलाही नाही. पाठ केला होता.

“पानापानांत शोधले, ओळीओळींत पाहिले, स्वप्नाली हे एक नाव ओठांवरती राहिले!”

स्व. प्ना. ली. तीन अक्षरे. चाल कुठेही मोडली नाही.

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. एक आजोबा म्हणाले, “पुन्यांदा म्हणा!” त्यांनी पुन्हा म्हटला.

मग सरप्राईज. मोहनरावांनी स्वतः माईक घेतला. आमच्याकडे कोणताही समारंभ सत्काराशिवाय पूर्ण होत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. ते म्हणाले, “हा उखाणा ज्या लेकीनं रचला, ती आपल्या आश्रुबाची पोरगी. बारावीत तालुक्यात पयली! आता मोठ्या परीक्षेला बसतीया. आमच्या रविराजला गणित बी हिनंच शिकिवलं. हिचा सत्कार केल्याबिगर पंगत बसायची न्हाई!”

मला व्यासपीठावर बोलावले. शाल, नारळ, फेटा. शाल त्यांच्या आईंनी घातली. म्हणजे आईंना मला भेटायचेच होते. उताऱ्यात चुकीचे काहीही नव्हते. फोटोत मी त्या दोघांच्या मध्ये आहे. छायाचित्रकार म्हणाला, “ताई, थोडं हसा.”

‘दोन शब्द’ बोलावयास सांगितले. मी म्हणाले, “आभारी आहे.” मोजले तर तेवढेच होतात.

घरी आल्यावर आत्याने शाल माझ्या खांद्यावरून उतरवली. शालीची घडी केली, नारळ देवापुढे ठेवला आणि माझ्या पुढ्यात गरम भाकरी व दूध ठेवले. फेटा माझ्या डोक्यावरच राहिला होता. तो तिने हलकेच काढला.

२४ नोव्हेंबर

अभ्यास: शून्य.

२५ नोव्हेंबर

अभ्यास: शून्य. कारण: अबोली साडी धुवून, वाळवून, इस्त्री करून परत द्यावयाची होती. दिवसभर वाळली नाही.

२७ नोव्हेंबर

घटनेचा निष्पक्ष आढावा. ऑगस्टपासूनची सर्व अनुमाने पुन्हा तपासली. बॅगेचा प्रश्न: योग्य उत्तर (ब). त्या दिवशी त्यांनी बसल्या बसल्या शेकडेवारीची सात गणिते विचारली होती. तशी नोंद माझ्याच गणिताच्या वहीत आहे. ‘हिच्यामुळं’: गणिताविषयी. ‘सोबत’: गणिताविषयी. डावा खिसा: शर्टला एकच खिसा होता.

त्यांनी मला एकदाही खोटे सांगितले नाही. सर्व चुका वाचणारीच्या आहेत.

यामुळे परीक्षेवर परिणाम होऊ देणार नाही. उलट, मन मोकळे झाल्याने वेग वाढेल. बारा उतारे, तीन दिवस. सहज शक्य.

३० नोव्हेंबर, रविवार

नगरला परीक्षा. पहाटेच्या एस.टी.ने गेले, आत्या सोबत आली. आयुष्यात प्रथमच ती अभ्यासासाठी कुठे आली. केंद्राच्या फाटकावर म्हणाली, “भिऊ नगंस. मी हितंच हाय. कुठं जायाची न्हाई.”

चाळीसपैकी एकही उतारा आला नाही.

पहिला उतारा एका जुन्या दीपगृहाविषयी होता. समुद्रावर जहाजे येणे बंद झाल्यावरही तिथला माणूस रोज दिवा लावत राहतो. मी भाषांतर करू लागले. करावयाचे नाही हे ठाऊक होते. पण दुसऱ्या परिच्छेदात असे एक वाक्य होते की ते मराठीत आणल्याशिवाय पुढे जाववेना. पडद्यावर वेळ संपत होती आणि मी योग्य क्रियापद शोधत होते. सापडले तेव्हा नऊ मिनिटे उरली होती.

चोवीसपैकी सहा प्रश्न सोडवले. त्यांतील दोन अनुमानाचे होते. दोन्हींत, सर्वांत कमी दावा करणारा पर्याय निवडला.

बाहेर आल्यावर आत्या तिथेच बसलेली होती. उन्हात. सावली चार हातांवर होती, पण तिथून फाटक दिसत नव्हते म्हणे.

ते परीक्षेला आले नव्हते. वडिलांनी कारखान्यावर बसावयास सांगितले आहे, असे सटवाकडून कळले.

२४ डिसेंबर

निकाल. गणित: सत्त्याण्णव पर्सेंटाईल. व्हर्बल: चौदा.

नेट कॅफेवाल्याने विचारले, “पास का ताई?” मी म्हणाले, यात पास-नापास नसते. तो म्हणाला, “मग बरंय की.”

उत्तरपत्रिका पूर्वीच ताडून पाहिली होती. अनुमानाचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत.

आबांना फोन केला. वाऱ्याचा आणि घंटांचा आवाज येत होता. मी सांगितले की यंदा जाणे होणार नाही. ते म्हणाले, “सोबत घावली न्हाई का?” मी म्हणाले, नाही. “ऱ्हाऊ दे मंग,” ते म्हणाले, “हिकडं ये चार दिस. कोकरं झाल्यात, बघ तरी.”

२८ डिसेंबर

सकाळी त्यांचा फोन आला. आवाज तसाच आनंदी.

“टॉपर, एक काम होतं. लग्न बारा जानेवारीला आहे. स्वप्नालीला पण उखाणा पाहिजे. तिला तुझाच पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नको म्हणते. लिहिशील का? टाईम कमी आहे, माहितेय.”

मी म्हणाले, वेळेचा प्रश्न नाही.

वहीचे शेवटचे पान काढले. नवीन काही रचावे लागले नाही. शेवटी चार अक्षरी नाव हवे होते, ते होतेच. संचालकांच्या मुलीला मेंढवाडा शोभणार नाही, म्हणून तेवढी पहिली ओळ बदलली.

माहेराच्या अंगणात
ऊन उतरले आज,
मनातले नाव घेते
मोठ्याने मी, रविराज.

अक्षरे मोजली. आठ, आठ, आठ, आठ. मोबाईलवर टंकून पाठवले.

दोन मिनिटांत पुन्हा फोन. “भारी! एकदम भारी. कसं सुचतं गं तुला इतक्या लवकर?”

आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबवले.

मी म्हणाले, “सराव होता, रविराजदादा.”